पहिली बारा मिनिटं

माझ्या लेकीला रीतभात नाही. वय चाळिशीला टेकलं, कानशिलाजवळ पांढरे केस आले, पण जिनं जन्म दिला तिला कॅमेऱ्यात धरायचं तर आधी विचारावं, एवढी अक्कल अजून यायचीच आहे. चार दिवस मी बाजारातून येतेय, कुलूप काढतेय, चपला भिंतीला लावतेय, स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर पिशवी रिकामी करतेय, आणि ही चार दिवस पॅसेजच्या टोकाला, खुर्चीवरून खाली लोंबणाऱ्या कपड्यांच्या ढिगात कॅमेरा दडवून ते सगळं टिपतेय. मी रोज विचारत होते, अगं, तो ढीग धुवायला टाकू का. रोज म्हणायची, राहू दे गं, इतकी काय घाई. मला वाटलं, आळशी आहे. आळशी निघाली असती तर परवडलं असतं. परक्या बाईला असं चोरून टिपलं असतं तर तिनं चौकीवर नेलं असतं हिला. आईचं काय, आई घरचीच. आज दुपारी जेवण झाल्यावर हिनं खोलीतले पडदे ओढले, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, तो डब्यासारखा छोटा प्रोजेक्टर स्टुलावर ठेवला आणि म्हणाली, आई, बस जरा, तीन मिनिटांचं काम आहे. मी बसले. भांडी तशीच पडली होती, तरी बसले. आणि तेव्हापासून माझ्या अंगावर जो काटा उभा राहिलाय तो काही खाली बसत नाही. सत्तरी उलटलेल्या बाईच्या छातीत असं धडधडावं हे बरं नव्हे, पण खरं सांगायचं तर मला इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

भिंतीवर आमचाच पॅसेज आला. लांबट, अंधारा, टोकाला दार. दाराच्या खालच्या फटीतून जिन्यावरच्या उजेडाची एक पट्टी आत आलेली. बाकी काही नाही. माणूस नाही, गाणं नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. मी म्हणणार होते की अगं हे तर आपलं घर, यात काय बघायचं, पण ते शब्द तोंडातच राहिले, कारण माझी मान आखडायला लागली होती. आता माझ्या मानेवर माझा फार विश्वास आहे. बावीस वर्षं मी थिएटरात डोअरकीपर होते, आणि डोअरकीपरला पडदा कमी दिसतो, माना जास्त. मी शाळेत तिसरीपुरती गेले. आकडे खऱ्या अर्थानं शिकले ते खुर्च्यांच्या पाठीवरचे, अंधारात बॅटरी मारून. पण सिनेमाची सुरुवात म्हणजे काय ते मला जेवढं कळतं तेवढं त्या काढणाऱ्यांनाही कळत नसेल. कारण उघड आहे. उशिरा येणारी माणसं पहिल्या दहाबारा मिनिटांत येतात. त्यांना जागेवर बसवलं की माझं आतलं काम संपलं, मी बाहेर येऊन दार लावायचं आणि मध्यंतराची वाट बघायची. म्हणजे बावीस वर्षांत मी शेकडो सिनेमांची सुरुवात पाहिली, एकेक सुरुवात पन्नास पन्नास वेळा पाहिली, आणि शेवट एकाचाही नाही. त्यातही भुताच्या सिनेमांची सुरुवात मला तोंडपाठ. गाण्याच्या सिनेमाला माणसं माना मागं टाकून बसतात, खुर्चीच्या कडेवर डोकं टेकतात. भुताच्या सिनेमालाही आधी तशीच बसतात. मग पडद्यावर काहीही घडलेलं नसताना, एकेक मान आखूड व्हायला लागते. खांदे वर चढतात. तीनशे कासवं. ते दिसलं की मी दारात आडवी उभी राहायचे आणि उशिरा आलेल्याला, तो कितीही मोठा साहेब असला तरी, आत सोडायचे नाही. हा माझा स्वतःचा नियम होता. मॅनेजरनं घालून दिलेला नव्हता.

तर आज माझी स्वतःची मान आखडली, माझ्याच खोलीत, भर दुपारी, माझंच दार बघून. मी स्वतःशी म्हटलं, वा गं बाई. पट्टी तशीच होती. मग पट्टीत दोन काळे तुकडे आले. कुणाची तरी पावलं दाराबाहेर येऊन थांबली. थांबली म्हणजे नुसती थांबली. किल्लीचा आवाज नाही, दारावर थाप नाही. मी मोजत होते की काय कोण जाणे, मला ते फार लांबलं. उठून दार उघडावं, की कडी लावावी? दोन्ही वाटलं, एकदमच वाटलं. मग किल्ली फिरली. एक बाई आत आली, मागचा उजेड तिच्याबरोबर आत आला म्हणून तिचा चेहरा नुसता काळा. चपला काढल्या. कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, डावीकडे स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली. रुंद पाठ, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. हात हलतायत, पण हातांत काय आहे ते पाठीमुळे दिसत नाही. आणि कॅमेरा लांबूनच, तिथूनच, बघत राहिला. माझ्या तोंडून निघालं, कोण ही? लेक म्हणाली, तू. त्यावर मी हसले. मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आपली पाठ आपण जन्मात कधी बघत नाही. दुकानातल्या आरशात माणूस तोंड बघतं, फार तर कंबर. माझी पाठ इतकी भयंकर आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाणी पिऊन झाल्यावर मी तिला विचारलं, हे कशासाठी. तेव्हा कळलं. पंधरा वर्षं हिनं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, त्यांच्या लेन्सा पुसल्या, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आता पहिल्यांदा एक अख्खा सिनेमा हिच्या हाती आलाय, भुताचा. दिग्दर्शक म्हणजे ती दाढी, एकदा घरी येऊन माझा चहा अर्धा टाकून गेलेली. दाढीनं हिला सांगितलं होतं की सुरुवात कशी करायची ते तुझ्या मनानं करून दाखव. हिनं केली, काल पाठवली. आज सकाळी दाढीचा फोन, की हे चालणार नाही, तीन मिनिटं काहीच होत नाही, लोक झोपतील. कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर घे, दारापासून बाईच्या मागं मागं चालत ने, थोडा तिरपा कर, आणि ती ओट्यापाशी पोचली की गर्रकन वळू दे, पांढरे डोळे, मोठा आवाज. उद्या सकाळी ते करायला तयार असशील तर सहाच्या आत कळव, नाहीतर सुरुवातीचा भाग दुसऱ्या कॅमेरामनकडे देतो. मी घड्याळ बघितलं, साडेतीन वाजायला आले होते. मी विचारलं, मग तू काय कळवणार? तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. लिहून ठेवलं होतं, ठीक आहे, तुम्ही म्हणता तसं करते. नुसतं पाठवायचं राहिलं होतं. आणि वर मलाच समजावते, आई, तोही चुकीचा नाही गं, लोकांना तेच लागतं.

लोकांना काय लागतं ते तू मला सांगणार? मी खुर्ची पुढं ओढून बसले. माझ्या अंगात आलं म्हणा हवं तर. मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी तिच्यापासून इतकी वर्षं चोरून ठेवली होती, कारण तीत माझी फजिती आहे. एका सिनेमाच्या सुरुवातीला एक रिकामा बंगला होता, आणि खोल्यांमागून खोल्या नुसत्या दाखवत होते, कुणी नसलेल्या. माना आखूड झाल्या होत्या. माझा नियम मोडून मी एका जोडप्याला आत घेतलं, कारण बाई गरोदर होती आणि उभी राहून दमली होती. त्यांना रांग दाखवताना बॅटरी माझ्या हातात उलटी फिरली आणि खालून उजेड माझ्या तोंडावर पडला. सगळी रांग किंचाळली. मागची रांग का किंचाळली त्यांनाही ठाऊक नव्हतं. एक चांगला धट्टाकट्टा माणूस खुर्ची ओलांडून पळाला. मॅनेजरनं मला ऑफिसात उभं करून विचारलं, तुझं तोंड इतकं वाईट आहे का. मी म्हटलं, साहेब, तोंड रोजचंच आहे, ते तुम्ही रोज बघता, तुम्ही कुठं पळता. त्या रात्री झोपताना मला कळलं की ते माझ्या तोंडाला भ्यालेच नव्हते. रिकाम्या खोल्यांनी त्यांना आधीच काठोकाठ भरून ठेवलं होतं. मी फक्त भांड्याला धक्का दिला. तुझी दाढी नुसता धक्का द्यायला निघालीय आणि भांडं रिकामं आहे.

लेक हसली, पण ऐकत होती. मला दिसत होतं, ती लहानपणी ऐकायची तशी, ओठ आत घेऊन. मग मी थांबलेच नाही. म्हटलं, एक गाडी घाटातून चाललीय आणि ती वरून दाखवतात, बारकी मुंगीसारखी. सुंदर देखावा असतो, झाडं, पाणी. तरी माणसं गप्प होतात. का होतात? एवढ्या उंचावरून माणूस बघत नाही म्हणून. मग हे कोण बघतंय? एकदा हा प्रश्न बसलेल्या माणसाच्या पोटात पडला की काम झालं, पुढं तुम्ही त्याला खेळणारी पोरं दाखवा नाहीतर धुणं वाळत घातलेलं दाखवा, तो घाबरणारच. एक माणूस दाढी करतोय, आणि त्याला पडद्याच्या एका कडेला दाबून उभा केलाय, उरलेला सगळा पडदा मोकळा, नुसती उघडी खोली. मी मागून बघायचे, तीनशे माना त्या माणसाकडे नसायच्याच, मोकळ्या बाजूला लागलेल्या. माणसाला मोकळी जागा बघवत नाही, तो तिथं आपल्या पदरचं काहीतरी आणून बसवतो, आणि जे आणतो ते तुमच्या भुताचं तोंड रंगवणाऱ्याच्या बापाला रंगवता येणार नाही. मी नोकरी सोडल्यावर पहिल्यांदा तिकीट काढून एक भुताचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. हौस होती, की बावीस वर्षं बाहेर उभी राहिले, आत असं होतं तरी काय. शेवटी भूत आलं. तोंडाला कणीक फासलेला एक माणूस. माझ्या शेजारची पोरं खिदळत होती. मला इतकं वाईट वाटलं, लग्नाला जाऊन उपाशी परत यावं तसं.

तरी मी न्यायाची बाई आहे. म्हटलं, दाढी म्हणतो तसंही करून पाहिलंयस का. तिनं पाहिलं होतं, तो हेच मागणार हे आधीच ओळखून, ओळखीच्या एका नटीला परवा मी घरी नसताना बोलावून. म्हणजे माझ्या माघारी माझ्या ओट्याशी परकी बाईसुद्धा उभी राहून गेली, ते वेगळंच. तिनं ते लावलं. कॅमेरा दारातून निघाला, डुलत डुलत, त्या नटीच्या मानेमागं. मी पायावर पाय टाकला. मी बघत होते आणि मला सगळं आधीच कळत होतं, की हा आता पोचणार, ती आता वळणार. ती वळली. आवाज झाला, मी दचकले, दचकायला काय, दार आपटलं तरी माणूस दचकतो. आणि दुसऱ्या क्षणाला मला भांडी आठवली. पहिल्या वेळी भांडी आठवली नव्हती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, पण आई, पहिल्यात तुला भीती कशाची वाटली, ते तर सांग. ते काही मला सांगता येईना. दार माझं, पाठ माझी. मी म्हटलं, पुन्हा लाव.

पुन्हा पॅसेज आला. या वेळी मी बाईकडे बघायचं नाही असं ठरवलं, मी बघणाऱ्याकडे बघितलं. म्हणजे कॅमेऱ्याकडे. आणि माझ्या लक्षात आलं की दाराची मूठ फारच वर आहे. उभ्या माणसाला मूठ अशी दिसत नाही, खुर्चीवर बसलेल्यालाही नाही. जमीन सगळी पुढ्यात पसरलेली, दाराखालची उजेडाची पट्टी जवळजवळ डोळ्यांसमोर. मी विचारलं, इतका खाली का लावलास? ती म्हणाली, ढीग खुर्चीखालपर्यंत होता ना, लपवायला सोपं गेलं. मी म्हटलं, लपवायचं तर कपाटावरूनही लपवता आलं असतं. त्यावर ती वायर गुंडाळायला लागली, गुंडाळलेली वायर पुन्हा सोडून गुंडाळायला लागली. मग खाली बघून म्हणाली, वरूनही घेऊन पाहिलं होतं. तिथून तू नुसती घरी आलेली बाई दिसत होतीस.

मी उठले. पॅसेजमध्ये गेले, तो कपड्यांचा ढीग उचलून पलंगावर टाकला, खुर्ची बाजूला केली आणि भिंतीचा आधार घेत खाली बसले. माझे गुडघे बंदुकीसारखे वाजले. लेक मागून ओरडली की अगं काय करतेस, उठवायला दोन माणसं लागतील. मी बसले आणि दाराकडे बघितलं. हुबेहूब तेच. घर तेच आहे, फक्त रंग तीनदा बदलला. आणि या जागेला तेव्हा लोखंडी कॉट होती, बुटकी, हिची. हिचा बाप गेला तेव्हा ही सात वर्षांची. थिएटरातली नोकरी मिळाली, सहाचा खेळ. मी हिला जेवू घालून बाहेरून कुलूप लावून जायचे. सांगून जायचे, दार कुणीही वाजवलं तरी ओ द्यायची नाही, माझा आवाज काढून कुणी हाक मारली तरी नाही. कुलूप मीच काढेन. केवढी हुशारी वाटायची मला त्या सांगण्याची! आईच्या आवाजात हाक मारणारं कुणीतरी असतं, ही गोष्ट मी माझ्या हातानं त्या पोरीच्या डोक्यात घालून, कुलूप लावून निघून जायचे, लोकांच्या माना मोजायला. आणि साडेनवाला मी जिना चढून दाराबाहेर यायचे आणि थांबायचे, पायांना ती सवय अजून आहे. का थांबायचे ते आता, जमिनीवर बसल्यावर, अंगात शिरल्यासारखं आठवलं. मला आत जावंसं वाटायचं नाही. पायांत गोळे आलेले असायचे, दिवसभराचा चेहरा तसाच तोंडावर असायचा, हसू कुठून आणू तेवढं गोळा करत दोनतीन मिनिटं तिथं उभी राहायचे. गोळा व्हायचं नाही. मग आत शिरून तशीच ओट्याशी जायचे, पोरीला तोंड दिसू नये म्हणून पाठ करून भांडी घासत राहायचे. मला वाटायचं ती झोपलीय. सकाळी उठल्यावर मी बरी असायचे, सकाळी मी तिच्या वेण्या घालायचे, तिच्याशी गप्पा मारायचे, तेवढं तिला पुरत असेल असं मी धरून चालले होते.

आणि ही झोपलेली नसायची. ही इथून, या उंचीवरून, त्या पट्टीत दोन पावलं येऊन थांबताना बघायची, आणि ती आईची आहेत की नाहीत हे रोज नव्यानं ठरवायची. मग पाठ बघायची. पाठ आईसारखी आहे, पण वळत का नाही. मी अंधारात माणसांच्या मागं उभी राहून बावीस वर्षं परक्यांची भीती वाचली, आणि माझ्या मागं पाच हातांवर एक मान आखूड होत होती ती मला दिसली नाही. वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्याच्याही आधी, लाज सोडून सांगते, मला तिचा अभिमान वाटला. सात वर्षांच्या पोरीनं जे बघितलं ते तिनं तसंच्या तसं, एक बोटभर न हलवता, सांभाळून ठेवलं होतं. रडून नासवलं नाही. माझ्यावर उगारलं नाही. सगळ्या जगाच्या माना आखडतील असं करून भिंतीवर लावलं. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. मोबाइल हातातच होता, बोट त्यावर. पाच वाजून गेले होते. म्हणाली, आई, ऊठ, त्याला कळवायचंय, उगाच वेळ नको जायला. मी खालूनच तिच्याकडे बघितलं. तिथून तीही उंच दिसत होती, चेहरा अंधारात. मी तिला म्हटलं, खाली बस, मला वर बघून बोलायची सवय नाही. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. आता तिचं तोंड मला दिसलं आणि माझं तिला, आणि मी तिच्या हातातला मोबाइल काढून माझ्या मांडीखाली ठेवला, आणि तिला सांगितलं ते हे.

"तोंड वळवून दाखवायचं होतं ते मी, तेव्हा. नाही दाखवलं. ती चूक माझी, तिचा हिशेब तू माझ्याकडं माग, जन्मभर माग, मी नाही म्हणणार नाही. पण तुझ्या त्या दाढीला ते तोंड पडद्यावर दाखवायचा काय अधिकार? तो होता का इथं बसलेला? सात वर्षांची होतीस, घरात एकटी होतीस, आणि तरी तू डोळे मिटले नाहीस, बघत राहिलीस. आणि आज चाळिशीची घोडी झाल्यावर एका फोनला घाबरून ते सगळं तू दुसऱ्याच्या सांगण्यावरून पुसायला निघालीस. तू लहानपणी भित्री नव्हतीस गं. आत्ता झालीस. मला हे अजिबात पसंत नाही."